हिरडीचा घाट आधी, कॅप नंतर

मागच्या अंकात इम्प्लांटबद्दल, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाबद्दल, लिहिताना ‘समोरच्या दाताची पक्की कॅप बसवण्याआधी हिरडी घडवावी लागते’ असं एक वाक्य जाता जाता लिहून गेले. पत्रं आली ती जवळपास सगळी त्याच वाक्यावर, म्हणून या वेळचं सदर हिरडीचं. पत्रं थोडी छाटली आहेत आणि नावं गाळली आहेत.

ताई, पाटणीपुऱ्याच्या चौकात स्कूटरवरून पडले आणि वरचा समोरचा दात गेला. इम्प्लांट झालं, त्यावर स्क्रूचा तात्पुरता दातही लावला. दिसायला तो बरा आहे. पण डॉक्टर पुन्हापुन्हा बोलावतात, तो दात काढतात, त्याच्या खालच्या बाजूला काहीतरी लावतात आणि परत बसवतात. ‘हिरडीला आकार देतोय’ म्हणतात. बडोद्याला माझ्या जाऊबाईंना तीन भेटींत पक्की कॅप मिळाली. यांच्याकडे तर स्कॅनर आहे, कॉम्प्युटर आहे, तरी एवढा वेळ का?
– एक वाचक, लोकमान्यनगर

जाऊबाईंचा दात कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत. दाढ असेल तर तीन भेटी पुरतात. समोरचा दात असेल तर पुढच्या भेटीत त्यांना मोकळं हसायला लावा, कॅपच्या कडेची हिरडी शेजारच्या दाताच्या हिरडीशी ताडून बघा, आणि मग माझ्याशी भांडा.

मुद्दा मापांचा आहे. वरच्या समोरच्या मोठ्या दाताची मान, म्हणजे तो हिरडीतून बाहेर येतो तिथली रुंदी, साधारण ७ मिलिमीटर असते. आडवा छेद घेतला तर ती गोलही नसते. कोपरे झिजलेल्या त्रिकोणासारखी असते. तुमच्या हाडात बसवलेलं इम्प्लांट मात्र गोल, साधारण ४ मिलिमीटर व्यासाचं. त्याचं तोंड हिरडीच्या कडेपासून तीनेक मिलिमीटर खाली. म्हणजे तेवढ्या तीन मिलिमीटरच्या उंचीत चाराच्या गोलाचा साताचा त्रिकोण व्हायला हवा. ही जागा आरशात कधी दिसणार नाही, पण दात हिरडीतून उगवलेला वाटतो की वरून चिकटवलेला, ते तिथेच ठरतं.

शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटवर जी धातूची टोपी लावतात, ती गोल असते आणि ठरावीक मापांत येते. हिरडी तिच्याभोवती भरते आणि गोलच भोक ठेवते. त्या गोल भोकात त्रिकोणी मानेची कॅप एकदम दाबून बसवली तर हिरडी चेपते, दुखते, वर सरकते. भोकाच्या मापाने बारीक मानेची कॅप केली तर दात छत्रीच्या दांड्यावर उभा असल्यासारखा दिसतो. म्हणून मध्ये तात्पुरता दात.

तुमचे डॉक्टर दात काढून काय करतात, ते सांगते. दाताच्या मानेला, हिरडीच्या आत राहणाऱ्या भागावर, पातळ कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा, एक थर लावतात, निळ्या उजेडाने तो कडक करतात, आरशासारखा गुळगुळीत घासतात आणि दात पुन्हा स्क्रूने कसतात. कसताना हिरडी पांढरी पडते. घाबरू नका, दाबाने रक्त मागे हटलेलं असतं. मी या वेळी घड्याळ लावून बसते. दहा-पंधरा मिनिटांत गुलाबी रंग परत आला तर दाब सोसण्यासारखा आहे. पांढरी ती पांढरीच राहिली तर दात पुन्हा काढायचा आणि लावलेलं थोडं घासून कमी करायचं. तुमचे डॉक्टर दात बसवल्यावर लगेच जाऊ देत नसतील, तर ते याचसाठी.

भर कुठे घालायची हेही महत्त्वाचं. हिरडीच्या कडेखालचा पहिला एक मिलिमीटर फार नाजूक. तिथे ओठाच्या बाजूने जरा जास्त फुगवटा दिला की हिरडीची कड वर जाते आणि दात लांब दिसतो. तिथेच थोडं कमी केलं की कड खाली उतरते. त्याहून खोल भागात थोडी ढील चालते. शिवाय समोरच्या मोठ्या दातावर हिरडीच्या कमानीचा सगळ्यात उंच बिंदू बरोबर मधोमध नसतो, किंचित बाहेरच्या बाजूला कललेला असतो. तेवढा कल साधला नाही तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.

आता तुमचा कॉम्प्युटर. तुमच्या शाबूत दाताचं आरशातलं प्रतिबिंब काढून त्यावरून हरवलेल्या दाताचा आराखडा तो क्षणात करतो. सीटी स्कॅनमधलं हाड आणि तोंडाच्या स्कॅनमधली हिरडी एकावर एक ठेवून दाखवतो. तात्पुरता दात कोरून किंवा छापून देतो. आणि हिरडी मनासारखी झाली की तो घाट पक्क्या कॅपमध्ये जसाच्या तसा उतरवतो. हे शेवटचं काम सगळ्यात मोलाचं. पण हिरडी तयार व्हायला तिचा वेळ लागतो. शेवटची भर घातल्यावर कड एका जागी स्थिरावायला साधारण तीन महिने धरून चाला. तिथे कुठलंही यंत्र घाई करू शकत नाही, आणि तुमचे डॉक्टर करत नाहीत याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं.

मॅडम, मी इथल्याच डेंटल कॉलेजात इंटर्न आहे. एका पेशंटची समोरची हिरडी टेम्पररीने सुरेख झाली होती. टेम्पररी काढली, स्कॅन बॉडी लावली, स्कॅन केला. लॅबमधून कॅप आली ती मानेशी बारीक, आणि बसवल्यावर हिरडी एका बाजूने खचलेली दिसली. स्कॅनर नवा आहे, सरांनी नुकताच कॅलिब्रेट केला होता. कुठे गडबड झाली?
– एक इंटर्न

अरे, स्कॅनरने जे पाहिलं ते इमानदारीने टिपलं. तू त्याला दाखवलीस ती हिरडीच बदललेली होती.

वाचकांसाठी आधी एक ओळ: स्कॅन बॉडी म्हणजे इम्प्लांटवर तेवढ्यापुरती कसायची एक छोटी खुंटी. तिच्यावरून इम्प्लांट हाडात कुठे आणि कुठल्या कोनात आहे ते कॉम्प्युटरला कळतं.

टेम्पररी, म्हणजे तोच तात्पुरता दात, बाहेर आली की हिरडीचा आधार गेला. कान टोचल्यावर आतली तार काढून ठेवली की भोक बुजायला लागतं, तोच प्रकार. फक्त इथे काही मिनिटांतच फरक दिसतो. त्यात स्कॅन बॉडी सरळसोट आणि टेम्पररीच्या मानेहून बारीक, त्यामुळे हिरडी तिच्याकडे झुकते. तू खुंटी कसेपर्यंत, एक्स-रे काढेपर्यंत, थुंकी पुसेपर्यंत घाट अर्धा हरवला होता. लॅबवाल्याने त्या झुकलेल्या हिरडीवर कॅप बेतली. त्याचं काही चुकलं नाही.

ही अडचण डिजिटलच्या आधीपासूनची आहे. मापाच्या मसाल्याच्या काळात, म्हणजे लगद्यात दातांचा ठसा घ्यायचे तेव्हा, यावर उपाय होता तो १९९७ साली हाइंड्स या दंतवैद्यांनी मांडलेला. टेम्पररी बाहेर काढून इम्प्लांटच्या नकली जोडीदारावर, म्हणजे अ‍ॅनालॉगवर कसायची, मानेपर्यंत मसाल्यात बुडवायची, मसाला घट्ट झाला की टेम्पररी काढून त्याच खळग्यात मापाची खुंटी कसायची, आणि खुंटीभोवती उरलेल्या फटीत रेझिन भरायचं. टेम्पररीची मान खुंटीवर हुबेहूब उतरते. मग ती खुंटी तोंडात लावून माप घ्यायचं, हिरडीला पडायला जागाच राहत नाही. मी अजूनही कधीकधी हेच करते, आणि तूही हाताने एकदा करून बघ. त्यानंतर डिजिटलमध्ये नेमकं काय चाललंय ते लख्ख कळेल.

डिजिटलमध्ये आपण हिरडीच्या मागे धावणं सोडून देतो. घाट ज्याने बनवला त्या टेम्पररीचंच चित्र घेतो. पहिला स्कॅन टेम्पररी तोंडात असताना, शेजारच्या दोन-दोन दातांसकट आणि हिरडीच्या कडेसकट. मग टेम्पररी काढायची आणि काढल्या-काढल्या फक्त त्या खळग्यावर स्कॅनर फिरवायचा. बाकी जबडा आधीच टिपलेला आहे, तिथे वेळ घालवू नकोस. मग स्कॅन बॉडी लावून तिसरा. आणि चौथा स्कॅन तोंडाबाहेर: टेम्पररी अ‍ॅनालॉगवर कसून हातात धरायची आणि गोल फिरवत सगळ्या बाजूंनी टिपायची, विशेषतः हिरडीत दडलेली मान. ही चारही चित्रं सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर बसवली की कॉम्प्युटरला इम्प्लांटची जागा, हिरडीची कड आणि मानेचा घाट तिन्ही एकत्र मिळतात. टेम्पररी लगेच परत तोंडात. पेशंट गप्पा मारत बसलाय आणि दात ट्रेमध्ये पडलाय असं होऊ देऊ नकोस.

चित्रं एकमेकांवर बसवताना घोळ होतो तो दोन-तीन ठिकाणीच. पहिला आणि चौथा स्कॅन जुळतात ते टेम्पररीच्या दिसणाऱ्या भागावरून. मध्येच तिला ‘जरासं’ घासलंस तर तो आता दुसराच दात झाला. सगळे स्कॅन पहिल्यापासून घे. घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावरून उजेड परावर्तित होतो आणि स्कॅनर गोंधळतो, तिथे स्कॅनिंगची पावडर हलकीच मारायची. आणि स्कॅन बॉडी पूर्ण बसली आहे की नाही हे एक्स-रेवर बघायचं. खाली हिरडीचा एक पापुद्रा अडकला तरी ती वर राहते, आणि मग पुढचं सगळं वर राहतं.

काहीजण स्कॅन बॉडीलाच कंपोझिट लावून टेम्पररीची मान देतात. एका स्कॅनमध्ये काम होतं, वाईट नाही. पण तिच्या वरच्या भागावरच्या ज्या सपाट बाजूंवरून कॉम्प्युटर तिला ओळखतो, त्यांच्यावर कंपोझिटचा कणही नको.

एवढं करूनही कॅप बारीक येऊ शकते, कारण सॉफ्टवेअर आपल्या मनाने मानेचा घाट सुचवतं आणि घाईत असलेला डिझायनर तो मान्य करून पुढे जातो. लॅबच्या पर्चीवर स्पष्ट लिही: मान टेम्पररीसारखीच, बदल नको. टायटेनियम बेसच्या, म्हणजे कॅप ज्यावर बसते त्या धातूच्या तुकड्याच्या, कॉलरची उंचीही तूच ठरव. कॉलर उंच निवडली तर घाट सुरू व्हायला जागाच उरत नाही. हिरडीखालची झिर्कोनिया, म्हणजे कॅपचं पांढरं सिरॅमिक, ग्लेझ करायला (काचेचा थर द्यायला) सांगू नकोस, पॉलिश करायला सांग. आणि कॅप शक्यतो स्क्रूची. चिकटवलेल्या कॅपचं सिमेंट खोलवर राहिलं तर ते एक्स-रेवरही नेहमी दिसत नाही, आणि हिरडी मात्र ते विसरत नाही.

माझं वय ७१. खालची दाढ इम्प्लांटवर आहे. पोह्यांवरची शेव, भुट्ट्याच्या किसातलं खोबरं, जे खावं ते कडेला अडकतं. तुमच्या त्या घाटाचा दाढेशी काही संबंध आहे का, की ते नुसतं सुंदर दिसण्यासाठी?
– एक आजोबा, सुदामानगर

काका, संबंध आहे, आणि तुमच्या बाबतीत सुंदर दिसण्यापेक्षा जास्त कामाचा. खालच्या पहिल्या दाढेची मान साधारण ९ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्याखाली इम्प्लांट बहुतेक ४ ते ५ चं. गोल टोपीच्या बारीक भोकातून एकदम रुंद दाढ वर काढली की कडेला छज्जा तयार होतो. छज्जाखाली शेव.

यासाठी हल्ली इम्प्लांट बसवतानाच दाढेच्या मानेच्या आकाराची टोपी करून लावतात. कॉम्प्युटरवर आराखडा करून ती कोरतात किंवा छापतात, किंवा डॉक्टर खुर्चीशेजारीच कंपोझिटने घडवतात. हिरडी पहिल्या दिवसापासून त्या मापाने भरते. समोरच्या दातासारखे चार-चार हेलपाटे दाढेला लागत नाहीत.

तुमची कॅप आता झालेलीच आहे, त्यामुळे आधी एक साधी गोष्ट बघून घ्या. डॉक्टरांना कॅप आणि शेजारच्या दाताच्या मधून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) ओढायला सांगा. तो सहज, काही न अडता निघाला तर दोघांच्यात फट पडली आहे. इम्प्लांट आपल्या जागी पक्कं असतं, नैसर्गिक दात मात्र आयुष्यभर पुढे सरकत राहतो, त्यामुळे अशी फट पुढे पडते. स्क्रूची कॅप असेल तर काढून, भर घालून परत लावता येते. आणि फुगवटा कमी करायला सांगितला तर नाही म्हणू नका: मान ३० अंशांपेक्षा जास्त कोनात फाकवलेली असेल तर इम्प्लांटभोवती दाह आणि हाडाची झीज जास्त आढळते. तोपर्यंत मधल्या बारीक ब्रशने रात्री साफ करत चला. शेव सोडा असं मी इंदूरच्या माणसाला सांगणार नाही.

माझ्या इम्प्लांटच्या कॅपशेजारी हिरडीजवळ काळा त्रिकोण दिसतो. हसताना ओठ मिटून घेते. डिजिटलने भरेल का?
– एक वाचक, तिलकनगर

तो त्रिकोण म्हणजे दोन दातांमधली हिरडीची चोच तिथे नसल्याने उरलेली रिकामी जागा. त्या चोचीला तिथे टिकवून धरतं ते आतलं हाड. हिरडीतज्ज्ञ डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नैसर्गिक दातांवर मोजून ठेवलं आहे: दोन दात एकमेकांना टेकतात त्या जागेपासून हाडापर्यंतचं अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर ती चोच जवळजवळ नेहमीच पूर्ण भरलेली असते, ६ असेल तर साधारण निम्म्या, ७ असेल तर जेमतेम पाव जागी. इम्प्लांटशेजारी हिशेब शेजारच्या नैसर्गिक दाताच्या हाडावर चालतो. लागून दोन इम्प्लांट असतील तर परिस्थिती आणखी अवघड.

म्हणून उत्तर तुमच्या एक्स-रेत आहे. हाड जवळ असेल तर तात्पुरत्या दाताची बाजू थोडी-थोडी भरून हिरडी चोचीकडे ढकलता येते. हाड दूर असेल तर हिरडी तिथवर पोचणार नाही. मग दोन दात टेकतात ती जागाच हिरडीच्या दिशेने आणायची, म्हणजे कॅप बाजूने जरा रुंद आणि चौकोनी करायची, शेजारच्या दातालाही थोडी भर घालायची. हे आधी स्क्रीनवर करून बघता येतं आणि छापलेला नमुना तोंडात लावून आरशातही. पैसे देण्याआधी तो नमुना मागा. टाळूची कातडी शिवून हिरडी जाड करता येते हेही खरं, पण तिने चोच परत आणून देईन असं कुणी छातीठोक सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

डिजिटल म्हणून जास्त पैसे घेतात. खरंच फरक असतो की नवीन फॅड?
– एक वाचक, स्नेहलतागंज

फॅड म्हणायला ते फार जुनं झालं. खुर्चीशेजारीच संगणकाने दाताचा तुकडा कोरून बसवण्याचं काम झुरिचमध्ये दंतवैद्य मॉर्मान आणि इंजिनिअर ब्रँडेस्टिनी यांनी १९८५ मध्येच केलं होतं. पण दरपत्रकातला ‘डिजिटल’ शब्द वाचून पैसे देऊ नका. विचारा: तात्पुरता दात स्क्रूचा देणार का, त्याने हिरडी घडवणार का, आणि तो घाट लॅबला कसा पाठवणार? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर मसाल्याने माप घेणारा डॉक्टरही चालेल. मिळाली नाहीत तर सगळ्यात महाग स्कॅनरही काही करणार नाही.

माझा समोरचा दात मुळापर्यंत तडकला आहे. लवकरच काढून इम्प्लांट करायचं ठरलंय. आधीपासून काही करता येईल? साखरेची गोळी चालू आहे आणि (खरं सांगतो) गुटखाही.
– एक वाचक, मल्हारगंज

तुम्ही वेळेवर विचारलंत. काढण्याआधी त्या दाताचा, तडकलेला असला तरी, स्कॅन आणि फोटो नक्की घ्यायला सांगा. हिरडी या क्षणी त्याच्याभोवती बरोबर घाटात बसलेली आहे. तो आकार एकदा साठवला की तात्पुरत्या दाताची मान त्यावरून करता येते आणि हिरडीला खचायची संधीच मिळत नाही. पुढचं हाड शाबूत असेल आणि इम्प्लांट घट्ट कसलं गेलं तर त्याच दिवशी तात्पुरता दात लावतात, चावताना खालचे दात त्याला लागणार नाहीत अशा बेताने. हाड गेलेलं असेल तर थांबावं लागेल. त्यासाठी हट्ट धरू नका.

तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट सोबत न्या. गुटख्याबद्दल मी गोड बोलणार नाही. बंद करा, शस्त्रक्रियेच्या आधीच, आणि नंतर पुन्हा सुरू करू नका. पातळ, रक्तपुरवठा कमी झालेल्या हिरडीला कुठलीच टेम्पररी आकार देऊ शकत नाही. तोंड पूर्ण उघडत नसेल, आत पांढरे चट्टे दिसत असतील, तर दाताचं राहू द्या, आधी ते तपासून घ्या.

आणि काढलेला दात डॉक्टरांकडून मागून घ्या, किंवा त्यांनाच जपून ठेवायला सांगा. मूळ कापून टाकून, आतून पोकळ करून तोच मुकुट तात्पुरता दात म्हणून इम्प्लांटवर लावता येतो. रंग जुळवायची कटकटही मग राहत नाही.